चेरीची ओटी

"कुत्री म्हंजे तरी काय रे? भुकनारी घोडीच शे ती!"

हेमकांत पाटलाने हे वाक्य सारंगखेड्याच्या बसस्टँडसमोरच्या टपरीवर, सकाळच्या चहाला, निदान दहा माणसांसमोर ठोकून दिलं. आणि ऐकणाऱ्यांनीही माना डोलावल्या. कारण घोड्यांच्या बाबतीत पाटलांच्या घराण्यापुढे बोलायची पंचक्रोशीत कुणाची छाती नव्हती.

आजोबांच्या दावणीला म्हणे सात घोड्या असत. आता त्यातली एकही नाही. शेवटची घोडी गेली त्याला वीस वर्षं झाली. हेमकांत शहाद्याच्या एका हायस्कुलात कारकुनी करतो आणि सुटीच्या दिवशी पपईच्या बागेला पाणी सोडतो. पण दत्तजयंतीची यात्रा भरली, लांबलांबचे घोडे तापीकाठी उतरले, की हा गडी रजा टाकून बाजारात! या घोडीचे दात बघ, त्या घोड्याची चाल बघ, "ही घेऊ नको, पाय कच्चा शे" असा फुकटचा सल्ला दे. खरं सांगायचं तर वर्षाचे पन्नास आठवडे हेमकांत त्या दोन आठवड्यांच्या आशेवरच काढायचा. तिथे त्याला लोक आप्पा म्हणायचे. हायस्कुलात शिपाईसुद्धा म्हणत नसे.

तर त्या सकाळी विषय चालला होता चेरीचा. चेरी म्हणजे हेमकांतची लॅब्राडोर. सुरतच्या भाच्याला फ्लॅटमध्ये झेपेना, म्हणून त्याने ती मामाकडे आणून सोडलेली. सप्टेंबरात ती माजावर आली आणि हेमकांतच्या अंगातले आजोबा जागे झाले.

"तिसरा दिन घोडा, अकरावा महिना शिंगरू! आम्हना घरना नियम शे," तो म्हणाला. "कुत्रीले दोन महिना लागतस, इतलाच फरक. बाकी सगळं तेच!"

शेजारचा दोधू बकऱ्या पाळायचा. तो बशीतला चहा फुंकत म्हणाला, "भाऊ, बकरीनं येगळं, घोडीनं येगळं. तू एकदाव डॉक्टरीनबाईले इचारी ले."

"डॉक्टरले इचारू? मी?" हेमकांतचा चहा हिंदकळला. "दोधू, ध्यानमा ठेव! चेरीले पिलं नही व्हयनात, ते यंदानी यात्रामा मी तोंड उघाडाव नही! एक शबद नही!"

हेमकांतने यात्रेत तोंड उघडायचं नाही, म्हणजे तापीने पावसाळ्यात वाहायचं नाही!

नियमाप्रमाणे बरोब्बर तिसऱ्या दिवशी चेरीची वरात पिकअपमधून नवापूरला निघाली. तिथे नवलभाईचा पोल्ट्री फार्म, आणि कोंबड्यांची राखण करायला त्याचा धिप्पाड लॅब्राडोर, सुलतान.

"बेसो, बेसो, पाटीलशेठ!" नवलभाईने स्वागत केलं आणि सुलतानला मोकळं सोडलं.

सुलतान शेपूट हलवत, मोठ्या आदबीने पुढे आला. त्याने चेरीला एकदा हुंगलं मात्र, चेरीने त्याच्या कानाचा असा चावा घेतला की तो धिप्पाड गडी केकाटत अंड्यांच्या ट्रेमागे जाऊन लपला!

"पाटीलशेठ, हिची मर्जी दिसत नाही," नवलभाई म्हणाला.

"लाज शे ती, लाज!" हेमकांत म्हणाला. "घोडीबी पहिले लात मारस. दोन्हीसले एकांत द्या."

मग दोघांना एका रिकाम्या शेडमध्ये कोंडलं आणि दोन्ही यजमान जेवायला बसले. कोंबडीचा झणझणीत रस्सा, वर भाकरी, त्यावर खाटेवर दोन तासांची झोप. उठून शेडचं दार उघडलं, तर चेरी एका कोपऱ्यात घोरत होती आणि सुलतान दुसऱ्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"देखा! कशा दमी गयात!" हेमकांतने टाळी वाजवली. "काम फत्ते!"

मग आजोबा घोडीला करायचे त्याप्रमाणे त्याने चेरीच्या पाठीवर तांब्याभर गार पाणी ओतलं आणि तिला शेडभोवती पाच फेऱ्या चालवलं. परतीच्या वाटेवर चेरीने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. विसरवाडीच्या फाट्यावर त्याने खमण खाऊ घातलं, तेव्हा कुठे तिचा राग उतरला.

आणि काय सांगावं, महिना-सव्वा महिन्यात चेरीचं पोट सुटायला लागलं!

प्रमिलाबाईंचा, म्हणजे हेमकांतच्या बायकोचा, या प्रकरणावर काडीचाही विश्वास नव्हता. "तुम्हले सोताना बूट सापडत नही, नि चालनात कुत्रीनं बाळतपन कराले!" असं त्या म्हणायच्या. पण एके दिवशी चेरीला दूध उतरलेलं दिसलं आणि बाई विरघळल्या. त्या दिवसापासून चेरीला सकाळ-संध्याकाळ साजूक तुपातला शिरा सुरू झाला. पोट आणखी सुटलं. हेमकांतने हायस्कुलात पिल्लांची यादी उघडली. एक हेडमास्तरांना, एक सरपंचांना, एक गॅस एजन्सीवाल्याला... यादी तेराव्या पिल्लावर गेली तेव्हा प्रमिलाबाईंनीच ती थांबवली. चेरीला आचळं दहाच आहेत, हे त्यांनी मोजलं होतं.

मग चेरीने बिछाना जमवायला सुरुवात केली. गोदामातल्या गोणपाटावर तिने बागेतल्या तीन कच्च्या पपया नेऊन ठेवल्या आणि त्यांना पोटाशी घेऊन बसली! कोणी जवळ गेलं की गुरगुरायची, मधूनच एखादी पपई मायेने चाटायची.

"सराव करी ऱ्हायनी!" हेमकांत कौतुकाने म्हणाला. "कसं जातिवंत जनावर शे, देख!"

पाटलांच्या घरी गाभण घोडीची ओटी भरायची जुनी पद्धत. त्यामुळे अठ्ठावन्नाव्या दिवशी, रविवारी, चेरीची ओटी भरायचं ठरलं. गल्लीतल्या बायका आल्या. चेरीच्या गळ्यात हिरवा खण बांधला, कुंकू लावलं, पुढ्यात नारळ ठेवला. चेरीने नारळ तोंडात धरून नेला आणि चौथं लेकरू म्हणून पपयांशेजारी ठेवला. बायकांच्या डोळ्यांना पाणी आलं.

नेमकं त्याच दिवशी डॉक्टर रिना वळवी दोधूच्या बकऱ्यांना लस टोचायला आल्या होत्या. दोधू त्यांना सरळ ओटीच्या कार्यक्रमातच घेऊन आला.

"आयेलच शेतस, ते जराक पाही ल्या, मॅडम," तो अगदी भोळेपणाने म्हणाला.

डॉक्टरबाईंनी चेरीचं पोट चाचपलं. नळी लावून ऐकलं. मग पिशवीतून छोटं सोनोग्राफीचं मशीन काढून ते पोटावरून फिरवलं. बायकांचं गाणं थांबलं.

"काका," त्या हळूच म्हणाल्या, "पोटात काही नाही."

"काही नही म्हंजे?"

"म्हणजे शिरा आहे."

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. हेमकांतने मागे वळून पाहिलं, तर सगळ्याच बायकांनी तोंडाला पदर लावलेला.

"नि दूध? नि ह्या पपया?"

"खोटी गर्भधारणा, काका. कुत्र्यांमध्ये होते. नर भेटो, न भेटो, माज गेल्यावर दोनेक महिन्यांनी तिच्या शरीराला वाटतं की आपण आई होणार. बरं, नराकडे कितव्या दिवशी नेलं होतं?"

"तिसरा दिन!" हेमकांतची छाती अजून फुगलेली होती. "बरोब्बर तिसरा!"

डॉक्टरबाईंनी डोळे मिटले. "काका, ती घोडी नाही. रक्त दिसायला लागल्यापासून नऊ-दहा दिवस ती नराला जवळसुद्धा फिरकू देत नाही. तिचे दिवस त्यानंतर येतात. त्यांचं जमलेलं तुम्ही स्वतः पाहिलं का?"

"मॅडम, आम्हना खानदानमा असं कोनी पाहत नही!"

"पाहतीन कसा?" प्रमिलाबाई कडाडल्या. "तव्हय ते कोंबडी खाई ऱ्हायंतात!"

आता मात्र पदर गळून पडले आणि अंगण हसण्याने दणाणलं. डॉक्टरबाईंनी शिरा बंद करायला सांगितला, पपया हळूहळू काढून घ्यायला सांगितल्या, आणि पुढच्या माजाला आधी दवाखान्यात या म्हणून बजावलं. चेरी बिचारी नारळ चाटत बसली होती. हेमकांत तिच्याजवळ बसला. त्याला तिची फार दया आली, आणि स्वतःची तिच्याहून जास्त आली. तेवढ्यात दोधूने विचारलंच.

"भाऊ, यात्रा कव्हय शे?"

दिलेला शब्द पाटलाने मोडला नाही. यात्रा भरली, हेमकांत गेला, पण तोंडाला कुलूप! घोड्यांसमोर उभा राही, दात बघी, पोटावर हात फिरवी आणि पुढे सरके. आतल्या आत सल्ल्यांनी त्याचं पोट इतकं फुगलं होतं की चेरी परवडली. दोधू पाळत ठेवून मागोमाग होताच.

तिसऱ्या दिवशी धडगावकडचा जामसिंग भेटला. डोंगरात ओझं वाहायला त्याला घोडी हवी होती, आणि गाभण मिळाली तर एकात दोन! काळ्याभोर घोडीचा दोर धरून परमुलुखातला व्यापारी सांगत होता, "आठ महीने की गाभन है, देख लो!"

"आप्पा, तू हात लाव," जामसिंग म्हणाला. "तू सांगशील तसं."

हेमकांतने पोटावर हात ठेवला. गोल, ताठ, भरलेलं पोट! शंभर टक्के गाभण! डोळे मिटून घे! हे सगळं त्याच्या जिभेच्या टोकावर आलं. शेजारी दोधू उभा. हेमकांतने ते शब्द गिळले. गिळताना ठसका लागला, चेहरा वाकडा झाला, आणि हाताखालच्या त्या गोल पोटाने त्याला चेरीची आठवण येऊन डोळे भरून आले.

जामसिंगने ते तोंड पाहिलं आणि तो दोन पावलं मागे सरला. "नको मला ही घोडी!"

व्यापारी भडकला. आरडाओरडा झाला, गर्दी जमली, कोणीतरी यात्रेतल्या पशुवैद्यकीय तंबूतून डॉक्टर रिना वळवींनाच बोलावून आणलं. बाईंनी खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवला, घोडी तपासली आणि हात बाहेर काढला.

"रिकामी आहे. नुसती खाऊन सुटलीय."

एकच गलका! "आप्पाना हात देखा! नुसता लावा नि वळखी लिन्ही!" "एक शबद न बोलता!" जामसिंगने हेमकांतला मिठी मारली. बघता बघता आपापल्या घोड्या दाखवायला लोकांची रांग लागली. उभ्या जन्मात हेमकांतला इतका मान कधी मिळाला नव्हता.

आता दोधूलाच राहवेना. तो पुढे आला आणि हेमकांतच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "जाऊ दे भाऊ, मी शपथ सोडी दिन्ही. आते बोल! हाई घोडी रिकामी शे, हाई तुले कसं समजनं?"

शेदोनशे माणसं कान टवकारून उभी राहिली. हेमकांतने एकदा घोडीकडे पाहिलं. एकदा डॉक्टरबाईंच्या हातमोज्याकडे पाहिलं. मग ओठ घट्ट मिटून त्याने नकारार्थी मान हलवली आणि गुपचूप पुढच्या घोडीच्या पोटावर हात ठेवला.