भावंड-साहस : कलम पाच

बालपण वेळेत उरकून घ्यावं लागतं. राहून गेलेलं बालपण पुढे कुठल्याही कार्यालयात अर्ज करून मिळत नाही, आणि मिळालंच तर ते अंगाला होत नाही. ही गोष्ट सार्वजनिक बागांतल्या घसरगुंड्या आणि झोपाळे तपासणाऱ्या निरीक्षकांइतकी कुणालाच पटलेली नव्हती. त्यांच्या एकोणीस वर्षांच्या सेवेत शहरातल्या घसरगुंड्यांची उंची सरासरी अडीच फुटांनी खाली आली होती. (आता त्यांवरून मुलं घसरत नाहीत, चालत येतात.) अपघातांची संख्या शून्यावर आली होती. मुलांची संख्याही जवळपास तिथेच आली होती, पण तो विषय दुसऱ्या विभागाचा होता.

अशा माणसाच्या पोटी दोन मुलं यावीत आणि त्यांना एकही साहस घडू नये, हे ओघानंच आलं. थोरली बारा वर्षांची, धाकटा नऊचा. थोरली अकरा दिवसांनी दूरच्या निवासी शाळेत जायची होती. त्यासाठी आणलेल्या नव्या ट्रंकेत शेजारच्यांचा कुत्रा मावतो का, हे धाकट्याने प्रयोग करून पाहिलं होतं. (मावतो.) तेव्हापासून नऊ दिवस बहीणभावात अबोला होता.

निरीक्षक धास्तावले ते या अबोल्याने. कारण त्यांचं स्वतःचं आणि त्यांच्या दादाचं गेली सहा वर्षं बोलणं नव्हतं. आईवडिलांचं घर रिकामं करताना पुस्तकांचं कपाट कुणी न्यायचं यावरून बिनसलं होतं. भांडणाची सुरुवात ‘तूच ने’, ‘छे, तूच ने’ अशी झाली (दोघंही सुसंस्कृत होते) आणि तासाभरात दोघांनी एकमेकांची तीस वर्षांची उणीदुणी काढली. कपाट भंगारवाल्याने नेलं. आपली पोरंही याच वाटेने जाणार, या विचाराने निरीक्षकांना घास गोड लागेना.

उपाय म्हणून त्यांनी पोटमाळ्यावरून एक खोकं काढलं. त्यात चार भावंडांच्या साहसकथांचा एक जुना संच होता. खरं तर अर्धा संच. एकूण गोष्टी चौदा, प्रत्येक गोष्ट दोन भागांत. लहानपणी पहिला भाग दादा बळकावायचा. धाकट्याला, म्हणजे आपल्या निरीक्षकांना, थांबणं जमायचं नाही, म्हणून ते थेट दुसऱ्या भागापासून सुरुवात करायचे. आधी काय झालं ते दादा जिन्यात बसून तोंडी सांगायचा. पुढे वाटणीच्या वेळी ‘ज्याने जे वाचलं ते त्याचं’ या तत्त्वाने चौदा सुरुवाती दादाकडे गेल्या आणि चौदा शेवट निरीक्षकांकडे आले. वाटणी इतकी चोख झाली की एकही अख्खी गोष्ट कुणाकडे राहिली नाही.

निरीक्षकांनी आठवड्यात चौदाही शेवट वाचून तक्ता केला. खजिना सापडला : नऊ. चोर पकडला : बारा. आईवडील शेवटच्या पानावर परत आले : अकरा, त्यांचं पत्र आलं : दोन, काहीच कळलं नाही : एक (चौकशी सुरू). भावंडांनी एकमेकांना मिठी मारली : चौदा. भावंडांचं भांडण : निरंक.

या पक्क्या पायावर त्यांनी ‘भावंड-साहस : नियम व कार्यपद्धती’ हे चार पानी परिपत्रक काढलं आणि फ्रिजवर लावलं. त्याचा गोषवारा असा. कलम एक : भावंडं चार असावीत. प्रत्यक्षात दोन; तिसऱ्याच्या जागी कुत्रा; चौथी जागा रिक्त. कलम दोन : साहसकाळात, म्हणजे शनिवारी दहा ते चार, आईवडील अनुपस्थित राहतील. (आई तशीही औषधांच्या दुकानात कामाला असते. वडील गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे, दुर्बीण घेऊन अनुपस्थित राहतील.) कलम तीन : खजिना बागेतल्या प्रमाणित घसरगुंडीखाली, चार इंच खोल. कलम चार : बागेचा माळी सव्वाबारा ते पाऊण या वेळात संशयास्पद हिंडेल. कलम पाच : भांडण सक्त मना आहे. भांडण होताच साहस आपोआप रद्द समजलं जाईल.

“आणि खोल खड्डा, भुयार, असलं काही?” बायकोने डब्याचं झाकण लावत विचारलं.

“भुयाराला परवानगी मिळाली नाही.”

“कुणाची?”

“माझी,” निरीक्षक म्हणाले.

शनिवारी दहाला साहस वेळेवर सुरू झालं. निरीक्षक टाकीमागे दबा धरून बसले. दुर्बीण नीट लागत नव्हती, कारण त्यांच्या चष्म्याची डावी काडी चार वर्षं दोऱ्याने बांधलेली होती. शहरात चष्म्याची दुकानं भरपूर होती. पण त्यांतलं एक दादाचं होतं, आणि दुसऱ्या कुठल्या दुकानाची पायरी चढायला त्यांचा पाय धजत नव्हता. (याला ते तत्त्व म्हणत. बायको याला निराळं नाव देई.)

दहा वाजून सात मिनिटांनी, नकाशा कुणी धरायचा यावरून, कलम पाचचा भंग झाला.

“मी मोठी आहे!”

“मोठी आहेस तर जा ना तुझ्या शाळेत! आत्ताच जा!”

नकाशा टरकन फाटला. थोरली अर्धा नकाशा घेऊन डावीकडे चालू लागली. धाकटा उरलेला अर्धा घेऊन उजवीकडे वळला आणि कुत्र्याला ओढू लागला. कुत्रा डावीकडे ओढू लागला. वजन कुत्र्याचं जास्त होतं. तिघंही कोपऱ्यावरून दिसेनासे झाले.

साहस रद्द झालं होतं, त्यात शंका नव्हती. पण रद्द झालेल्या साहसातून मुलं परत कशी मिळवायची, याचं कलम परिपत्रकात नव्हतं. शिवाय चार वाजेपर्यंत वडील अनुपस्थित होते, सहीनिशी. हा पेच निरीक्षकांनी नऊ मिनिटं सोसला. मग ते तीन-तीन पायऱ्या गाळत खाली धावले. (जिन्यात धावू नये, असा फलक त्यांनीच लावला होता.) बागेत मुलं नव्हती. मागच्या गल्लीत नव्हती. शाळेच्या फाटकाशी नव्हती. साडेबारा वाजले. माळी नेमून दिल्याप्रमाणे एकटाच संशयास्पद हिंडत होता आणि त्याच्याभोवती जागरूक नागरिक जमू लागले होते. एकोणीस वर्षांत त्यांनी ज्या ज्या गोष्टीची उंची कमी केली होती, त्यांतली एकही या वेळी कामाला येत नव्हती.

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर नाव नव्हतं, नुसता नंबर होता. तो त्यांनी सहा वर्षांपूर्वी पुसून टाकला होता आणि अजून त्यांना तोंडपाठ होता.

“अरे, तुझी दोन्ही इथं आहेत,” दादा म्हणाला. “कुत्राही आहे. कुत्रा तुझाच का?”

सहा वर्षं ते दुकान टाळण्यासाठी निरीक्षक पलीकडच्या फुटपाथने वळसा घालून जात. आज ते सरळ गेले तेव्हा कळलं की घरापासून अंतर जेमतेम वीस मिनिटांचं आहे.

थोरलीने तिथे जाण्यामागचा तर्क बिनतोड होता. बाबा ज्या एकाच माणसाशी भांडले आहेत, त्याला भांडणातलं काहीतरी कळत असणार. तिच्या मागोमाग कुत्रा गेला आणि कुत्र्याच्या मागोमाग धाकटा फरफटत गेला. आता तिघंही काउंटरमागच्या सतरंजीवर पसरले होते. थोरलीच्या मांडीवर धाकट्याचं डोकं होतं, आणि मोठे काका एका मळक्या पुस्तकाचा पहिला भाग मोठ्याने वाचत होते. ते शेवटच्या पानावर येऊन थांबले.

“पुढे?” दोघं एकदम ओरडली.

“पुढचं माझ्याकडे नाही. तुमच्या बाबाकडे आहे.”

दोघांनी वळून दारात धापा टाकणाऱ्या बाबाकडे पाहिलं. निरीक्षकांनी ते पुस्तक हातात घेतलं आणि उघडलं. पान तीन : चारही भावंडांत कडाक्याचं भांडण. मधली बहीण घर सोडून जाते. तिला शोधायला बाकीचे निघतात, म्हणून साहस. त्यांनी मागच्या फळीवरचा दुसरा पहिला भाग काढला. पान सात : भांडण. तिसरा, पान पाच. चौदा सुरुवाती, चौदा भांडणं. ती झाली नसती तर एकही पोर उंबरठ्याबाहेर पडलं नसतं.

“दादा, यातलं भांडण तू मला एकदाही सांगितलं नाहीस.”

“सांगितलं होतं, पहिल्या गोष्टीत,” दादा म्हणाला. “तू रडरड रडलास. म्हणालास, ते परत बोलतील ना? मग पुढच्या सगळ्या गोष्टींतली भांडणं मी गाळून टाकली.”

दादाने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि हात पुढे केला. “तो चष्मा आण इकडे. चार वर्षं समोरून जाताना बघतोय तो दोरा.”

काडीला दोन मिनिटं लागली. स्क्रू एवढासा होता.

सोमवारी फ्रिजवर सुधारित परिपत्रक लागलं. कलम पाच आता असं आहे : भांडण आवश्यक. मात्र ते झाल्यावर दोघांपैकी एकाने तरी दुसऱ्याच्या मागे जावं. स्वतःहून जाता येत नसल्यास कुत्रा बाळगावा. त्यानंतर थोरली शाळेला गेली. पहिल्याच पत्रात तिने भावाला ट्रंकेत कुत्र्याचे केस निघाल्याचं कळवलं, आणि हा पत्रव्यवहार अजून चालू आहे.

एवढं वाचून आपल्याला बरं वाटलं असेल. भाऊ भेटले, चष्मा दुरुस्त झाला. मध्येच एक नंबरही आठवला असेल, पुसून टाकलेला आणि तोंडपाठ असलेला. लगेच असंही वाटलं असेल की चूक त्याची होती, फोन त्यानेच करावा. हे अगदी रास्त आहे. निरीक्षकांचंही सहा वर्षं हेच म्हणणं होतं, आणि ते खोडून काढायला दोन मुलं, अर्धा संच आणि एक फाटका नकाशा लागला. आपल्याकडे निदान कुत्रा तरी आहे का?