शिंपीदादांच्या पोटातला गोळा

शिंपीदादांची बढाई अशी, की माझ्या पोटात दगड टाका, त्याचं पीठ होईल. पण हल्ली दगड सोडाच, साधा घासही छातीशी येऊन जळजळायचा. शेवटी बायकोने पोटाच्या डॉक्टरांची पुढच्या आठवड्यातली वेळ घेतली, आणि गजभर छातीचा हा माणूस चिंधीएवढा झाला. तिथे नळी घालून बघतात म्हणे! जन्मभर दुसऱ्यांची मापं घेतली. आता आपलं माप, तेही आतून!

बायकोने दवाखान्यात फोन केला. येताना पाणी प्यायलेलं चालेल का, एवढंच विचारायचं होतं. तिथल्या मदतनीस बाईंनी सहज विचारलं, कसं आहे त्यांचं?

"कसलं काय. परवापासून पोटात गोळा आलाय त्यांच्या."

पलीकडे वहीची पानं फडफडली.

"मोठा आहे?"

"मोठा म्हणजे? घास उतरत नाही."

बाईंचा आवाजच बदलला. पुढचा आठवडा नको, उद्या सकाळीच आणा, उपाशीपोटी आणा, आणि सोबत धीराचं माणूस असू द्या.

धीराचं माणूस! दादांनी मशीनवर डोकं टेकलं. ज्यांची वेळ मिळत नाही तेच आपण होऊन वेळ देतात, म्हणजे आपलीच वेळ भरली!

आता लोकांचं कापड शिरावर घेऊन देवापुढे उभं कसं राहायचं? दादांनी मशीन दामटलं. काजं, गुंड्या, अस्तरं, सगळं उरकून दिवेलागणीपर्यंत घरोघरी कपडे पोचवले.

गल्ली हादरली. या माणसाने आजवर "उद्या या" याखेरीज गिऱ्हाइकाला काही दिलं नव्हतं. निवृत्त मास्तर पँट हातात धरून बायकोला हळूच म्हणाले, "सांगितल्या दिवशी दिली गं. काही खरं नाही यांचं." समोरच्या काकूंच्या ब्लाउजच्या बाह्या तर उलट्या लागल्या होत्या. तरी त्या भांडल्या नाहीत. उलट पदर डोळ्यांना लावला. तेव्हा मात्र दादांनी तिथेच पायरीवर बसकण मारली.

सकाळी डॉक्टरांनी पोट चहूकडून दाबलं.

"कुठे आहे गोळा?"

"आता सगळीकडेच आहे, साहेब."

"कधीपासून?"

"तुमच्याकडे यायचं ठरल्यापासून."

डॉक्टरांनी हात काढून मदतनीस बाईंकडे पाहिलं. बाईंनी पंख्याकडे.

"आम्लपित्त आहे. जेवणावर चहा ढोसू नका. गोळा नाही, या गोळ्या घ्या."

दादा परतले तर दुकानापुढे गल्ली जमलेली. विचारायची हिंमत कुणाला होईना. शेवटी काकूंनी चाचरत ब्लाउज पुढे केला.

"दादा, बाह्या तेवढ्या उलट्या लागल्यात. कधी मिळेल?"

दादांनी ब्लाउज घेतला, न बघताच रिकाम्या कोपऱ्यात फेकला.

"उद्या या."

काकूंनी वर बघून हात जोडले.

"देवा, वाचवलंस रे बाबा."