वाघमारे मावशींची लिफ्ट

आमच्या अंबरपेठेतल्या गल्लीत वाघमारे मावशींच्या घरी मोटारगाडी उचलायची लिफ्ट आहे. दोन जाडजूड खांब, चार लोखंडी हात. बटण दाबलं की गाडी डोक्याच्या वर. मावशींकडे नाही ती फक्त गाडी. त्यांना चालवताही येत नाही. निवृत्तीनंतर लोक थायलंड बघून येतात, मावशींनी गॅरेज बांधलं.

मावशी मूळच्या नांदेडच्या. सिकंदराबादला रेल्वेच्या शेडमध्ये कामगारांच्या सुरक्षेवर देखरेख करायच्या. रेल्वे सुटली, आम्ही सापडलो.

दर रविवारी कुणाची तरी, म्हणजे बहुतेक माझीच, गाडी तपासणीला बोलावली जायची. तिला काहीच झालेलं नसायचं. मावशींच्या मते, ते अजून कळलेलं नसायचं. आधी डिकी रिकामी. "मागं वजन नक्को!" एकदा कोथिंबिरीची जुडीसुद्धा उतरवायला लावली. मग खांबांचे बोल्ट बघायचे, लिफ्ट उचलणाऱ्या तेलाची नळी बघायची, फरशीवर सांडलेला तेलाचा थेंब पुसायचा. मग चारही हात गाडीखाली नेमक्या जागी लावायचे आणि बटण. "हल्लू रे, हल्लू!" गाडी वीतभर उचलली की थांबायचं आणि तिला गदागदा हलवायचं. ती डगमगली नाही की मावशींचा चेहरा जरा पडायचा. मग पुरती वर नेऊन थोडी खाली आणायची, खांबातल्या लॉकवर टेकवायची. "लॉकवर बसत नाही तोवर गाडीखाली जायचं नाही. नुसत्या तेलावर भरवसा ठेवू नक्को." एवढ्या वेळात विमानसुद्धा उडतं.

एकदा माझा मेहुणा पुण्याहून आला होता. आयटीत आहे, त्यामुळे त्याला सगळंच माहीत असतं. गाडी वर जात असतानाच तो व्हिडिओ काढायला खाली शिरला. मावशींनी बटण सोडलं, त्याची कॉलर धरली आणि खसकन बाहेर ओढलं. शर्ट टर्रकन फाटला.

"अहो मावशी, ब्रँडेड होता!"

"शर्ट दुसरा मिळतो," मावशी म्हणाल्या. आणि त्यांनी गाडी खाली उतरवली. त्या दिवशी तपासणी तिथंच संपली.

गेल्या महिन्यात मी गाडी विकली. ऑफिसला मेट्रोनं जातो. तसं सांगायला गेलो, तेव्हा, खरं सांगायचं तर, सुटल्यासारखं वाटत होतं. मावशी खांबाला ग्रीस लावत होत्या.

"म्हणजे रविवारी येणार नाहीस."

"उचलायला काही उरलंच नाही ना, मावशी." मग धीर करून विचारलं, "पण ही लिफ्ट घेतलीत कशाला?"

त्यांनी फडक्यानं बोटं पुसली. "शेडमध्ये मी हात वर केला की सगळी माणसं जागच्या जागी थांबायची. संध्याकाळी धडधाकट घरी जायची. इथं घरात कुणाला थांबवू?"

मी म्हटलं, "रविवारी पायी येईन."

"पायी? मग बघू काय तुझं?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "चपलेचा अंगठा निघालाय. जिन्यावर पडशील. काढ इकडं."

चष्मा लावून, चप्पल मांडीवर घेऊन त्या पायरीवर बसल्या. मी शेजारी टेकलो, एक पाय अनवाणी. घाई कुणालाच नव्हती.