केरोपंत यादीनवीस यांनीं दमारी हालवे यास एकेचाळिसावा लिहिला, त्याची हकीकत

श्री. ज्यानें पाय दिले आणि पायांस वाट दिली त्यास पहिला नमस्कार, ज्यानें जेवणामागची झोंप दिली त्यास दुसरा, आणि मग ही हकीकत, जैसी कानीं आली तैसी लिहिली असे. शके एकोणीसशें तीन, दुर्मतिनाम संवत्सरे, श्रावणमासीं, एक राज्य होतें. राज्याचें नांव कोणी विचारूं नये, आम्हांसही ठाऊक नाहीं. त्याचे आधीं वीस वर्षें त्या राज्याचे तह चहूंकडे पक्के जाहले, तरवारी खुंटीस लागल्या, आणि दहा सरदार रिकामे बसून एकमेकांचें उणें काढूं लागले. मग श्रीमंतांनीं विचार केला कीं, यांस कांहीं उद्योग न दिला तर हे घरांतच लढाई उभी करतील, आणि मनच्या फौजेचा खेळ काढिला. तो ऐसा कीं, समुद्रापलीकडे दूर देशीं एक खेळ चालतो. त्यांत एक गडी लांबट चेंडू काखेंत घट्ट धरून धावतो, आणि समोर अकरा धिप्पाड गडी त्यास लोळवावयास टपलेले असतात, आणि त्याचे बाजूचे पांच जण भिंत करून त्यास वाट काढून देतात. ऐशा धावणारांस राज्यांत धावे म्हणत. तो खेळ राज्यांत कोणीं डोळ्यांनीं पाहिला नव्हता. तरी दर श्रावणांत दरबार भरे, आणि प्रत्येक सरदार पाळीपाळीनें पांच धावे आपले म्हणून मागून घेई, आणि एकानें मागितला तो दुसऱ्यास मिळत नसे, आणि मग पौषापर्यंत आठवड्याचे आठवड्यास परदेशची डाक येई, आणि ज्याचा धावा जितके वार धावला तितके गुण त्या सरदाराचे होत. धाव्यांस बिचाऱ्यांस यांतलें कांहीं ठाऊक नसे. पौषी पुनवेस ज्याचे गुण अधिक, तो श्रीमंतांशेजारीं गादीवर जेवावयास बसे. एवढ्या एका जेवणासाठीं सरदार वर्षभर झुरत, आणि हंसणारांनीं हंसावें, पण त्या वीस सालांत रक्त सांडलें नाहीं, हेंही ध्यानीं ठेवावें.

आतां कोणता धावा थोर आणि कोणता नुसता दिसावयास थोर, हें सरदारांस काय कळणार? त्यासाठीं दरबारीं केरोपंत यादीनवीस होते. साठ धाव्यांची यादी, पहिला कोण, साठावा कोण, ती पंतांनीं लिहावी, दरबारांत वाचावी, आणि सरदारांनीं ती डोळे मिटून मानावी, ऐसी वीस वर्षें चाल होती. पंतांची काम करण्याची रीतही न्यारीच. सकाळीं परदेशचीं पत्रें वाचावीं: कोणाचा गुडघा सुजला, कोणाचें काम दोघांत वांटलें, शेवटची रेष जवळ येतांच कोणास बाजूस करून दुसऱ्या जाड्या गड्यास पुढें करतात. मग जेवावें, ओसरीवर चटई पसरावी, डोळ्यांवर उपरणें घ्यावें आणि दोन घटका निपचित पडावें. यास ते पाहणी म्हणत. त्यांचें कुटुंब उमाबाई म्हणत, "जेवल्यावर सगळेच निजतात. त्याला पाहणी म्हणणारे तेवढे आपण." पंत उपरण्याआडून उत्तर देत, "मी निजत नाहीं, मी पाहतों." आणि खरेंच पाहत. उपरण्याचे आंत हिरवें मैदान पसरे, त्यावर फक्कीच्या पांढऱ्या रेघा, धुकें गुडघ्याइतकें, आवाज म्हणून नाहीं, आणि एक एक धावा येऊन पंतांपुढून धावून जाई, आणि पंत त्यास मनांत नंबर देत. टोबी करेन म्हणून बावीस वर्षांचा पोरगा होता, त्याची पत्रोपत्रीं वाहवा चाले. तो आला कीं गेला, धुकें हालेपर्यंत दिसेनासा होई. परंतु पंतांचा जीव दमारी हालवे यावर होता. तिशी उलटलेला गडी, पत्रांत त्याची वासलात लागून चुकलेली: पाय थकले, संपला, सोडा. आणि तो स्वप्नांत येई तो चालत येई. चेंडू काखेंत धरी, पुढल्या गड्याच्या पाठीवर मोकळा हात ठेवी, आणि थांबे. अकरा जण अंगावर येत, तरी थांबे. मग भिंतींत कोठें हातभर फट पडे आणि हालवे त्या फटींतून, घरांतल्या घरांत एका खोलींतून दुसरींत जावें तसा, पलीकडे होई. तें पाहून पंतांचे डोळे पाणावत, आणि उपरणें होतें म्हणून कोणास दिसत नसे. शिवाय त्या सालीं एका पत्राचे कोपऱ्यांत बारीक अक्षरांत लिहिलें होतें कीं, हालवेपुढील पांचही भिंतकरी नवे आणि दांडगे आणिले, आणि त्याचें काम वांटून घेणारा सोबती दुसरीकडे धाडिला. कोपरा वाचणारे पंत एकटेच. हालवे यंदा पहिला, यांत त्यांस तिळमात्र संशय उरला नाहीं.

आणि त्याच सालीं दहांतले एक वृद्ध सरदार काशीस गेले आणि त्यांचा पाट रिकामा जाहला, तेव्हां श्रीमंत म्हणाले, "पंत, वीस वर्षें दुसऱ्यांसाठीं निवडलेंत. यंदा आपणही बसा." पंतांस हर्ष मावेना. घरीं येऊन उमाबाईंस तीन वेळां सांगितलें. मग पाळीच्या चिठ्ठ्या निघाल्या आणि पंतांची निघाली दहावी, सर्वांत शेवटली.  हालवे यास पहिला लिहावा तर पहिलाच सरदार त्यास उचलणार, आणि इतकीं वर्षें ज्यास पाहिलें तो गडी उपरण्याआडचाच राहणार. दोन दिवस पंत नीट जेवले नाहींत. तिसरे दिवशीं लेखणी घेतली, पहिला टोबी करेन लिहिला, आणि हालवे यास एकेचाळिसावा लिहिला. लिहिलें तें इतकें सहज, याचेंच त्यांस मागाहून भय वाटलें.

दरबार भरला. ज्याच्या त्याच्या हातीं यादीची नक्कल, आणि सरदार वरून खालीं एक एक नांव मागूं लागले, दहावा जाहला कीं उलट फिरून पहिल्यापाशीं, पुन्हा पहिल्यापासून दहाव्यापाशीं, ऐसी फेरी चाले. एकानेंही यादीबाहेर पाऊल टाकिलें नाहीं. वीस वर्षांचा भरंवसा, तो काय एका दिवसांत ढळतो? तिसऱ्या फेरीस पाळी येतांच पंत म्हणाले, "दमारी हालवे." तेव्हां रंभाजीराव सरलष्कर, मोठ्या आवाजाचे आणि मोठ्या मिशांचे, म्हणाले, "पंत, आपल्याच यादीवर आपला विश्वास नाहीं काय? तिशीपुढचा म्हातारा घेतां." पंत म्हणाले, "मजला आवडतो." सभा प्रेमानें हंसली, आणि पंतांनीं मान खालीं घालून नांव वहींत लिहिलें.

मग भाद्रपद लागला आणि हालवे धावूं लागला. शंभर वार, दीडशें वार, एकदां बर्फ पडत असतां एकशें नव्वद वार. आणि डाक वाचतांना पंतांचा आवाज चढूं लागला, आणि घरीं उपरणें ओढलें कीं बर्फ त्यांच्या ओसरीवरही पडे, आणि हालवे थांबे आणि जाई, आणि आतां तो त्यांचा होता. पौषी पुनवेस पंत श्रीमंतांशेजारीं गादीवर बसले. वाढपी चौथ्यांदा जिलबी घेऊन आला आणि रंभाजीराव बोलूं लागले. बोलले तें वाईट मनानें नव्हे. म्हणाले, "पंतांचें दैव थोर, पण यादी यंदा साफ फसली. पहिला गडी एकेचाळिसावा लिहिला. वय जाहलें त्यांचें. लेखणी आतां दुसऱ्यास द्यावी आणि पंतांनीं आरामांत खेळावें." श्रीमंतांनीं मान हालविली आणि मायेनें म्हणाले, "खरेंच पंत, पुष्कळ जाहलें. विसावा घ्या." तेवढ्यानें सर्व निभावलें असतें. गप्प बसून जिलबी खायची होती. परंतु यादी चुकली, हा शब्द पंतांस सोसवेना. त्यांस लबाड म्हटलेलें चाललें असतें, अडाणी म्हटलेलें चालेना. ते ताटावरून उठले आणि म्हणाले, "मी चुकलों नाहीं. हालवे पहिला, हें मजला श्रावणांतच ठाऊक होतें. मजला हवा होता, म्हणून खालीं लिहिला."  श्रीमंतांनीं ताट बाजूस सारिलें आणि म्हणाले, "पंत, चुकलां असतां तर बरें होतें." आणि आज्ञा केली कीं, लेखणी पंतांचीच राहावी, कारण त्यांच्यासारखा जाणता दुसरा नाहीं, निवडीचा पाट मात्र उठवावा. पंतांनीं मुजरा केला आणि हात न धुतां घरीं गेले.

पुढलें साल दुंदुभि. पंतांनीं पत्रें वाचलीं, कोपरे वाचले, उपरणें घेऊन पाहणी केली, आणि हालवे चालत आला, थांबला, आणि गेला. एक वर्षानें वाढला होता, तरी पहिलाच होता. पंतांनीं त्यास पहिला लिहिला आणि मन स्वच्छ जाहलें ऐसें त्यांस वाटलें. दरबारांत पहिली चिठ्ठी रंभाजीरावांची. त्यांनीं यादी पाहिली, मग पंतांकडे पाहिलें, आणि हळू आवाजांत, जो त्यांचा कधीं कोणीं ऐकिला नव्हता, विचारिलें, "पंत, हा कोणासाठीं वर लिहिला?" पंत म्हणाले, "कोणासाठीं नाहीं. खराच पहिला आहे." रंभाजीराव म्हणाले, "एकेचाळिसावा लिहिलात तोही आम्ही खराच मानला होता." आणि टोबी करेन मागितला. दुसऱ्यानें यादींतला तिसरा मागितला, तिसऱ्यानें पांचवा, आणि नऊ सरदारांच्या पांच फेऱ्या होऊन पंचेचाळीस धावे वांटले गेले, आणि पंधरा उरले, त्यांत यादीचें पहिलें नांव उरलें. पंतांस पाट नव्हता. त्यांनीं यादी गुंडाळून ठेविली. त्या सालीं हालवे पूर्वीहून अधिक धावला. दर आठवड्यास पंत डाक वाचीत, "दमारी हालवे, एकशें बासष्ट वार," आणि ते वार कोणाचेच नसत, आणि सभा पुढल्या नांवाची वाट पाहत बसे.

येणेंप्रमाणें हकीकत. राज्य सुखी राहिलें, तह टिकले, हालवे यास कोठें कांहीं कळलें नाहीं. केरोपंतांनीं पुढें अकरा याद्या लिहिल्या आणि एकही नांव आपल्या जागेवरून हालविलें नाहीं. आणि अकरा वर्षें सरदार प्रत्येक नांव मागण्याआधीं त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले.