कोणी मरत तं नाई ना?

दौलतभाऊंच्या हातात पुस्तक दिलं की ते आधी शेवटचं पान उघडत नाहीत, लेखकाचं नावही पाहत नाहीत. देणाऱ्याकडे चष्म्यावरून बघतात आणि विचारतात, "कोणी मरत तं नाई ना?"

दौलतभाऊ ऊर्जानगरात माझ्या समोरच्या क्वार्टरमध्ये राहतात. एकटेच. नोकरी वीज केंद्रातल्या कोळशाच्या सरकत्या पट्ट्यावर. तीस वर्षं कोळसा पुढं पाठवणाऱ्या या माणसाला वाचनाचा एकच प्रकार चालतो: जादू, राक्षस, उडते गालिचे, आणि तेही हसवणारे. रडका राजपुत्र आला की पुस्तक वाचनालयात परत.

मार्च लागला की त्यांची यादी सुरू होते. उन्हाळ्यात वाचायच्या दहा विनोदी अद्भुत कादंबऱ्या. दहा म्हणजे दहाच. वसाहतीच्या वाचनालयाची मी सचिव, त्यामुळे हा ताप माझ्या वाट्याला.

"मॅडम, हे पुस्तक फेल," ते एकदा सकाळीच दारात उभे राहिले.

"का? यात तर आग ओकणारा ड्रॅगन आहे."

"आग ओकते, ठीक हाय. पर राखेचं काय करते? चारशे पानं आग लावून राह्यला, अन् राख कुठीच नाई! थोडं तं लॉजिक पाहिजे ना?"

उडत्या गालिच्याबद्दलही त्यांची हीच तक्रार होती. "उडू द्या. पर मेंटेनन्स कोण करते?" एका कादंबरीत गालिचा दर मंगळवारी दुरुस्तीसाठी बंद असतो, असं वाक्य सापडलं, तेव्हा ते पुस्तक त्यांनी यादीत थेट पहिल्या नंबरावर घेतलं आणि मला पेढा आणून दिला.

लॉजिक जमलं की मग विनोदाची परीक्षा. त्यासाठी ते माणसं निवडत, वसाहतीतली सगळ्यात आंबट चेहऱ्याची. गेटवरचे रामटेकेभाऊ हे त्यातले अव्वल. त्यांना हसताना त्यांच्या घरच्यांनीही पाहिलं नसावं. दौलतभाऊ ड्यूटी संपली की गेटवर जात, सायकल लावत आणि गंभीर आवाजात एक पान वाचत. रामटेकेभाऊंची मिशी हलली तर पुस्तक पास. नुसते डोळे हलले तर पुन्हा परीक्षा. एकदा शाप देताना व्याकरण चुकणाऱ्या ऋषींचं पान चाललं होतं. ऋषींनी "तू बेडूक हो" म्हणायच्या ऐवजी "मी बेडूक होवो" म्हटलं आणि टुणकन कमंडलूत पडले. रामटेकेभाऊ एवढे हसले की कंपनीची बस गेटवर हॉर्न वाजवत उभी राहिली.

या वर्षी मात्र मे उजाडला तरी यादी नवावरच अडली. दौलतभाऊंचं जेवणात लक्ष लागेना. मी माझ्या आवडीची एक कादंबरी पुढं केली.

"कोणी मरत तं नाई ना?"

"शेवटी राजा मरतो. पण हसून हसून मरतो हो!"

"मरते ना पर?" त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवलं. "नाई जमत मॅडम. माह्या बाईसाठी पाहिजे."

बाई म्हणजे त्यांची थोरली बहीण, धानोऱ्याला राहणारी. आई लवकर गेली, तेव्हा याच बाईंनी विडीचा तेंदूपत्ता तोडून, मोहफुलं वेचून धाकट्या भावाला शिकवलं. चार वर्षांपूर्वी बाईंचे यजमान तापानं गेले. तेव्हापासून दर मे महिन्यात दौलतभाऊ पंधरा दिवसांची सुट्टी काढून जातात आणि बहिणीला पुस्तकं वाचून दाखवतात.

"तिले वाचता येत नाई. एकटी बसून राह्यते. हासली का मले बरं वाटते," ते म्हणाले.

मी त्या दिवशी वाचनालयाचं जुनं कपाट उपसलं. तळाशी एक कव्हर फाटलेली कादंबरी मिळाली. तिच्यातला राक्षस इतका लठ्ठ, की स्वतःच्याच गुहेत शिरताना दारात अडकतो आणि राजकन्या त्याला बाहेर ओढायला गावातले बैल मागून आणते. कोणी मरत नव्हतं. रामटेकेभाऊंची मिशी दोनदा हलली. यादी पूर्ण झाली.

मला त्याच आठवड्यात गडचिरोलीला लग्नाला जायचं होतं. म्हटलं, चला दौलतभाऊ, तुम्हाला पुढं धानोऱ्याला सोडते. दहा पुस्तकांची पिशवी त्यांनी वाटभर मांडीवर धरली होती.

बाई अंगणात आंब्याखाली तेंदूपत्त्याचे पुडे बांधत बसल्या होत्या. बारीक अंगाच्या, चेहऱ्यावर दौलतभाऊंचंच नाक. "आला का रे? ह्या कोण बाई? बसा, माय," म्हणत त्यांनी खाटेवर घोंगडी टाकली. दौलतभाऊ हातपाय धुवायला मागच्या विहिरीवर गेले.

बाईंनी पिशवी ओढली, दहाही पुस्तकं बाहेर काढली आणि एकेक उघडून झरझर नजर फिरवू लागल्या. ओठ हलत होते. फाटक्या कव्हरवाल्या पुस्तकापाशी थांबल्या आणि पदर तोंडाला लावून खुदकन हसल्या.

"बैल आनते वो पोट्टी!" त्या म्हणाल्या.

मी विचारलं, "बाई, तुम्हाला वाचता येतं?"

त्यांनी विहिरीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "सातवी पास हाय मी. त्याले नका सांगू."

"पण ते तर म्हणतात..."

"मीच सांगतलं त्याले, आता समदं इसरली म्हनून. त्याची बायको गेली ना, माहा मानूस गेला त्याच साली. त्याची पोरगी सासरी, तिकडं दूर. हा इथी आला का भिताडाकडं पाहून बसे. एक शब्द बोले नाई. मंग मी म्हटलं, दौलत, मले करमत नाई, काही हासायचं वाचून दाखव." त्या पुस्तकं पुन्हा पिशवीत भरू लागल्या, होती त्याच क्रमानं. "तवापासून दर साली पुस्तकं धुंडते बिचारा. तिकडं चार मानसाशी बोलते. मले तेवढंच पाहिजे होतं."

चार वर्षं मी त्यांच्या समोर राहत होते. त्यांची बायको कधी गेली, हे मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.

दौलतभाऊ ओल्या केसांनी आले, खाटेवर बसले, चष्मा लावला. गावातल्या दोन-तीन बायका ऐकायला कुंपणातून आत आल्या. मला निघायला हवं होतं, लग्नघरून दोन फोन येऊन गेले होते. मी तिथंच बसले.

राक्षस दारात अडकेपर्यंत दौलतभाऊंनी गंभीर आवाज टिकवला. मग त्यांनाच हसू फुटलं. पोट हलायला लागलं, चष्मा नाकावरून घसरला, पुढचं वाक्य काही केल्या निघेना.

बाईंनी हातातला पुडा खाली ठेवला आणि पहिल्यांदाच ऐकत असल्यासारख्या पुढं सरकल्या.

"अरे, सांग ना रे लवकर," त्या म्हणाल्या. "मंग काय झालं?"