काचेतली गुलाबाई

स्टीलच्या डब्यात काहीतरी खुळखुळलं आणि आमच्या बैठकीतली गंभीर शांतता भंगली. आंतरराष्ट्रीय लोककला प्रदर्शनाची निवड समिती त्या वेळी कोनाड्यातल्या गुलाबाईच्या मातीच्या मूर्तीचं निरीक्षण करीत होती. माझी लेक कुंदा डबा हलवीत म्हणाली, "साहेब, खाऊ ओळखा!"

गुलाबाईची गाणी झाली की बंद डब्यातला खाऊ आवाजावरून ओळखायचा, ही जळगावच्या पोरींची रीत. अध्यक्षांनी चष्मा पुसून अभिप्राय दिला, "ध्वनिप्रधान लोककला." डब्यात फुटाणे होते.

गुलाबाई महिनाभर माहेरपणाला येते आणि कोजागिरीला मेहरूण तलावात तिची सासरी बोळवण होते, हे मी समितीला चहाबरोबर सांगितलं. समितीने चहा घेतला.

मग मूर्ती घडवणाऱ्या पार्वताबाईला बोलावणं गेलं. ती हाताची माती पदराला पुसत आली.

"मूर्ती अस्सल आहे," अध्यक्ष म्हणाले. "पण मनगटावर घड्याळ?"

"बठ्ठ्या पोरी मांगे लागन्यात, साहेब."

"परंपरेत घड्याळ बसत नाही."

"मन्ही माय बी पोरी सांगेत तेच करे."

कलावंताला परंपरेची जाण नाही, अशी नोंद झाली, घड्याळ चाकूने खरवडण्यात आलं आणि मूर्ती प्रदर्शनासाठी निवडली गेली.

"मूर्तीखालच्या पाटीवर मन्हं नाव टाकशात ना?"

"बाई, नाव लागलं की लोककला राहत नाही, नुसती कला होते. तिचा विभाग मुंबईला."

गुलाबाई भुशाच्या खोक्यात बसून परदेशी गेली. पोरींची तोंडं एवढीएवढीशी झाली. मी पार्वताबाईला म्हटलं, "अक्का, दुसरी करून द्या की." तिने माती मळायलाही घेतली. तेवढ्यात समितीचं परिपत्रक आलं: मूळ कृती आता संग्रहात असल्याने तशी दुसरी घडवणे ही नक्कल समजली जाईल, मूळ कर्त्यासही सूट नाही.

"मंग मी काय करू?" पार्वताबाईने मला विचारलं.

परिपत्रकात तीही सोय होती. धुळ्याला अस्सल लोककलेचे प्रशिक्षण वर्ग भरत होते आणि शिकवायला दिल्लीहून तज्ज्ञ येत होते. पार्वताबाई एसटीने धुळ्याला जाऊन आली. प्रवेश मिळाला नाही. घड्याळाची नोंद आड आली.

गल्लीला भरपाई म्हणून गुलाबाईचा रंगीत फोटो मिळाला. तो आम्ही काचेत मढवला. अध्यक्षांना शाल आणि केळीचा घड दिला, टाळ्या वाजवल्या. वर्तमानपत्रात छापून आलं. आल्या-गेल्याला मी आधी फोटो दाखवी, मग पाणी. पार्वताबाईचं नाव कुणी विचारलं नाही, आणि आम्हीही ते सांगायला विसरत गेलो. तिच्या दारात मळलेल्या मातीचा गोळा वाळून दगड झाला.

कोजागिरीच्या आदल्या दिवशी कळवण्यात आलं की मूर्ती आता कायमची तिकडेच राहील. काचेच्या पेटीत, कुलूपबंद, हवा थंड ठेवून. गल्लीत पेढे वाटले.

कोजागिरीला पोरींनी फोटोसमोर गाणी म्हटली. तलावावर न्यायला काही नव्हतंच. शेजारची भिकुबाई म्हणाली, "फोटोच बुडवू या का?" मी म्हटलं, "अगं, फ्रेम सागवानी आहे."

कुंदाने डबा खाली ठेवला. हलवलाच नाही. ओट्यावर पार्वताबाई बसली होती, तिच्याकडे बघत तिने मला विचारलं,

"आई, गुलाबाईला आता घरी जायचं असेल, तर ती तिकडे कुणाला सांगेल?"