कॅसेट कजा झाली

वडीगोद्रीच्या बब्बूभाईंकडे गाणं चालू असताना शिंकायला बंदी होती. खोकल्याला एकवार माफी मिळायची, शिंकेला बिलकुल नाही. कुणी शिंकलं की ते खटकन टेप बंद करायचे, कॅसेट मागं फिरवायचे आणि जाहीर करायचे, "कजा झाली! आता पहिल्यापासून."

कजा म्हणजे वेळेवर पढायची राहून गेलेली नमाज. ती नंतर अदा करावी लागते. हा शब्द गाण्याला लावताना बब्बूभाईंनी आधी दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या होत्या. "तौबा! बराबरी न्हाई करून राह्यलो, गुर्जी. पण शब्द लई कामाचा हाय."

बब्बूभाई पिंजारी. हायवेला लागून त्यांचं गाद्या-रजयांचं दुकान आणि दुकानामागं कापसाची खोली. मी गावच्या शाळेत मास्तर. एकदा माझ्या हाती एक जुना दिवाळी अंक लागला. त्यात कुणा रसिकाने मरण्याआधी ऐकायलाच हव्यात अशा जुन्या, नामांकित कॅसेटींची यादी दिली होती. ख्याल, ठुमरी, गझल, कव्वाली, भावगीतं, लावण्या, चांगली पानंच्या पानं. माझी बुद्धी कुठं चरायला गेली होती कोण जाणे, मी ती बब्बूभाईंना वाचून दाखवली.

"मंग ऐकू की सगळ्या," ते म्हणाले. "मरायला टाइम हाय अजून."

झालं! दर रविवारी दुपारी मी त्या कापसाच्या खोलीत.

खोलीत चारी बाजूंनी छतापर्यंत गाद्या. बाहेर ट्रकने कितीही बोंब मारली तरी आत नुसती कुजबुज यायची. आवाजाच्या बाबतीत खोली एक नंबर, पण मे महिन्यात नुसती भट्टी. त्यात पंखा बंद. का, तर "पंखा बेसूर हाय." मी घामाने निथळत बसायचो, नाकात कापूस जायचा, शिंक यायची आणि कजा व्हायची. आता तुम्हीच सांगा, पिंजाऱ्याच्या खोलीत माणूस शिंकणार नाही तर काय करील?

कापड आणायला जालन्याला गेले की बब्बूभाई यादीतली पुढची कॅसेट घेऊन यायचे. एका पानाच्या तळाला ठळक अक्षरात 'श्यामकुंतला' असं छापलं होतं. ती गझलच असणार, असं आम्ही धरून चाललो. बब्बूभाईंनी जालन्यातली कॅसेटची दुकानं पालथी घातली. शेवटी एका दुकानदाराने अंक हातात घेतला आणि म्हणाला, "चाचा, हे गाणं न्हाई, केसाचं तेल हाय. जाहिरात हाय ही."

दुसरा कुणी ओशाळला असता. बब्बूभाई तेलाची बाटली घेऊन आले. "यादीत हाय म्हंजे सोडायचं न्हाई," म्हणत त्यांनी ते तेल आपल्या तुळतुळीत टकलावर थापलं आणि गाणं ऐकावं तसे डोळे मिटून बसले.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

"पहिली साइड बरी हाय. दुसरी उद्या बघू."

एकदा अंकुशनगरहून एक वधूपिता लग्नाच्या गाद्या घ्यायला आले. आत कव्वाली रंगात आलेली. बब्बूभाईंनी ओठांवर बोट ठेवलं, पाहुण्यांना हाताला धरून आत आणलं आणि गादीवर बसवलं. थोड्या वेळात पाहुणे आडवे होऊन घोरायला लागले. तरी टेप चालूच! कव्वाली संपल्यावर मी भांडलो. माझ्या एका शिंकेला कजा आणि यांना सगळं माफ?

"तालात घोरून राह्यलेत," बब्बूभाई म्हणाले. "चालतंय."

पाहुण्यांनी उठल्यावर तीच गादी बांधून घेतली.

असं करता करता यादीतली एकच कॅसेट उरली, सारंगीची. आणि तेवढ्यात माझी बदली झाली, थेट जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, भोकरदनला. मी म्हटलं, "बब्बूभाई, जाण्याआधी यादी पुरी करायची. अर्धवट टाकून गेलो तर मला चैन पडणार नाही." त्यांनी मान हलवली. मग चहा टाकला. त्यांची बायको, शकीलाभाभी, जाऊन बरीच वर्षं झाली होती, लेक परभणीला सासरी. त्या घरात दोन कप चहा फक्त रविवारी व्हायचा.

आणि कजांचा सुकाळ सुरू झाला. पहिल्या रविवारी लाइट गेली, ते खरंच होतं. दुसऱ्या रविवारी म्हैस हंबरली म्हणे. मला काही म्हैस ऐकू आली नाही. त्याच्या पुढच्या खेपेला तर कमालच झाली.

"तुम्ही मनात गुणगुणलात, गुर्जी."

"मनातलं तुम्हाला ऐकू आलं?"

"साफ."

मी जाम भडकलो. "अहो, मला सामान बांधायचंय! थट्टा लावलीय का?" बब्बूभाई खाली मान घालून कॅसेट मागं फिरवत राहिले.

शेवटचा रविवार आला. टेम्पो दुसऱ्या दिवशी यायचा होता. लाइट टिकली, म्हैस गप्प, मी नाकाला रुमाल घट्ट धरलेला. सारंगी शेवटाला आली. आता थोडंच उरलं होतं. मी खुशीत बब्बूभाईंकडे पाहिलं. नेहमी डोळे मिटून ऐकणारा माणूस डोळे उघडे ठेवून माझ्याकडं बघत होता आणि ते डोळे भरलेले होते.

मग त्यांनी शेजारच्या ढिगातला कापूस चिमटीत घेतला, त्याची बारीक वात वळली आणि शांतपणे आपल्याच नाकात घातली. अशी शिंक आली की ढिगातला कापूस उडाला. खटकन टेप बंद!

"कजा झाली," नाक पुसत ते म्हणाले. "आता पुन्हा यावं लागंल, गुर्जी. पहिल्यापासून."

मीच हात पुढं करून कॅसेट मागं फिरवली आणि म्हणालो, "येईन. पण पंखा लावायचा."

"ते बघू," बब्बूभाई म्हणाले.

भोकरदनहून मी सवड काढून जातो. पंखा अजून बंदच आहे. गेल्या खेपेला सारंगी संपत आली तरी बब्बूभाईंची काहीच हालचाल दिसेना. बघतो तर त्यांचा डोळा लागलेला. कॅसेट पुरी व्हायच्या बेतात होती. मंग काय करता, मीच ढिगातला कापूस घेतला आणि शिंकलो.